डीएसटी बदललं की फोनचं घड्याळ एक तास चुकतं, नेमकं काय बिघडतं आणि ते कसं सरळ करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे की ऑटोमॅटिक टाइम चालू आहे, नेटवर्क आहे, तरी डेलाइट सेव्हिंग टाइम (डीएसटी, म्हणजे काही देशांत उन्हाळ्यापुरतं घड्याळ एक तास पुढे करतात ते) सुरू झालं किंवा संपलं की फोन बरोबर एक तास पुढे नाहीतर मागे दाखवतो, कधी कधी तर बदलायचा दिवस नसतानाच बदलतो, अलार्म भलत्या वेळी वाजतो, आणि वैतागून हाताने तास सरकवला की दुसरंच काहीतरी बिघडतं. फोनच्या सिस्टीम सॉफ्टवेअरचं काम करताना ही तक्रार दर मार्च आणि ऑक्टोबरला हमखास यायची, त्यामुळे आधी एकच गोष्ट सांगून टाकतो. तास हाताने सरकवू नका. बाकीचं नंतर वाचा, पण हे आत्ता केलेलं असेल तर आधी उलटं करा.

का ते सांगतो. फोनच्या आत जे मूळ घड्याळ चालतं त्याला डीएसटी नावाची भानगड माहीतच नसते. ते फक्त १ जानेवारी १९७० च्या यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाण वेळेच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले तेवढं मोजत बसतं, आणि हा आकडा एका क्षणाला जगातल्या सगळ्या फोनमध्ये सारखाच असायला हवा, टोकियोत असो की लिमात. स्क्रीनवर जे साडेसात दिसतात ते या आकड्यावरून काढलेलं गणित असतं. त्या गणितात आधी बघितलं जातं की तुम्ही कुठल्या टाइमझोनमध्ये आहात, मग त्या झोनचे नियम काय आहेत म्हणजे डीएसटी कधी सुरू होतं कधी संपतं, आणि शेवटी जे अ‍ॅप वेळ दाखवतंय ते हे सगळं नीट विचारतंय की स्वतःचं काहीतरी चालवतंय. म्हणजे चूक चार ठिकाणी असू शकते, मूळ सेकंदात, झोनमध्ये, नियमांमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये, आणि डीएसटीच्या गोंधळात मूळ सेकंद जवळजवळ कधीच चुकलेले नसतात. आणि आपण हाताने तास सरकवतो तेव्हा नेमके तेच बिघडवतो, जे बरोबर होतं ते.

त्याचा परिणाम काय होतो बघा. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधले सहा आकडी कोड या सेकंदांवरूनच निघतात, ३० सेकंदांचा एक तुकडा धरून, त्यामुळे एक तास सरकवला की तुमचा फोन १२० तुकडे पुढे किंवा मागे गेलेला असतो आणि लॉगिन होत नाही. चॅटमधले मेसेज वरखाली होतात, सिंक करणारी अ‍ॅप नवीन फाइल जुनी समजतात, ब्राउझर एखाद्या वेबसाइटचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही अशी तक्रार करतो. दिसायला घड्याळ बरोबर असतं म्हणून हे सगळं कशामुळे होतंय ते कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मग माणूस अ‍ॅप काढून परत टाकत बसतो.

आता चूक कुठे आहे ते शोधायची एक सोपी पद्धत, मी अजूनही हीच वापरतो. क्लॉक अ‍ॅपच्या वर्ल्ड क्लॉकमध्ये रेक्याविक टाका, आइसलंडची राजधानी. आइसलंड १९६८ पासून वर्षभर यूटीसीवरच आहे, डीएसटी नाही, त्यामुळे रेक्याविकची वेळ म्हणजे सरळ यूटीसी, आणि तुमच्या फोनमधली नियमांची माहिती कितीही जुनी असली तरी इथे ती आड येत नाही. दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर किंवा कुठल्या तरी टाइम सर्व्हिसच्या साइटवर आत्ताची यूटीसी वेळ बघा आणि जुळवा. रेक्याविक बरोबर असेल तर तुमचे मूळ सेकंद ठीक आहेत, हात लावू नका. रेक्याविकच चुकलं असेल तर आधी कधीतरी कोणीतरी तास सरकवलेला आहे, किंवा क्वचित नेटवर्कनेच चुकीची वेळ दिलेली आहे.

मग सेटिंग्जमध्ये डेट अँड टाइम उघडा आणि टाइमझोनच्या ओळीत काय लिहिलंय ते नीट वाचा, शहराचं नाव आणि जीएमटी (इथे यूटीसीच समजा) अधिक-उणे किती तो आकडा, दोन्ही. शहर चुकीचं असेल तर झोनची चूक. शहर बरोबर पण आकडा चुकीचा, तर नियम जुने आहेत. शहर बरोबर, आकडा बरोबर, वरच्या पट्टीतलं घड्याळ पण बरोबर, आणि फक्त एखादं अ‍ॅप चुकतंय, तर अ‍ॅपची चूक. सगळं निदान एवढंच आहे आणि ते केल्याशिवाय उपाय करायला जाऊ नका, कारण चारही ठिकाणचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसरीकडे केला की गुंता वाढतो.

मूळ सेकंद चुकले असतील तर काम सोपं. ऑटोमॅटिक टाइम चालू करा, इंटरनेट चालू ठेवा, दोन मिनिटं थांबा. अँड्रॉइडवर वेळ आपोआप आणि टाइमझोन आपोआप ही दोन वेगळी बटणं असतात, हे लक्षात ठेवा कारण पुढे याचा उपयोग आहे. आयफोनवर सेट ऑटोमॅटिकली हे एकच बटण दोन्हीला लागू होतं. अँड्रॉइड १२ पासून फोन वेळ घेताना मोबाइल नेटवर्कपेक्षा इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरला जास्त मान देतो, त्यामुळे नव्या फोनवर हा प्रकार कमी झालाय, जुन्या फोनवर मात्र टॉवरने जे सांगितलं ते ब्रह्मवाक्य असायचं.

झोन चुकतो ते मात्र जरा खोलात जाऊन समजून घेण्यासारखं आहे. बऱ्याच लोकांना वाटतं की टॉवर फोनला सांगतो की तू अमुक शहराच्या झोनमध्ये आहेस. तसं नसतं. मोबाइल नेटवर्क जो वेळेचा निरोप पाठवतं, ज्याला आमच्यात निट्झ म्हणतात, त्यात यूटीसी वेळ असते, स्थानिक वेळेचा फरक पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशोबात असतो, आणि जमलं तर डीएसटी चालू आहे का याची एक खूण असते. शहराचं नाव नसतं. फोन मग देशाचा कोड बघतो, फरक बघतो, खूण बघतो आणि अंदाज बांधतो की हा अमुक झोन असावा. आणि हा निरोप पाठवणं कंपन्यांना बंधनकारकही नाही, काही पाठवतात काही नाही, काहींच्या यंत्रणेत डीएसटीचा बदल वेळेवर केलेलाच नसतो.

हा अंदाज कसा फसतो त्याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे अ‍ॅरिझोना. अमेरिकेत बहुतेक राज्यं डीएसटी पाळतात, अ‍ॅरिझोना पाळत नाही. हिवाळ्यात तिथलं फिनिक्स आणि डीएसटी पाळणारं डेन्व्हर, दोन्हीकडे यूटीसीपेक्षा ७ तास कमी, डीएसटीची खूण दोन्हीकडे बंद, म्हणजे नुसत्या निट्झवरून फोनला दोघांत फरकच करता येत नाही. तो डेन्व्हर धरून बसला तर मार्चपर्यंत तुम्हाला कळणारही नाही, सगळं बरोबरच दिसेल, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी अचानक फोन एक तास पुढे. मग सगळे म्हणतात डीएसटीने घोळ केला, पण खरं तर चुकीचा झोन कित्येक महिने आधीच बसलेला होता, डीएसटीने फक्त तो उघडा पाडला. उन्हाळ्यात उलटं, फिनिक्स आणि लॉस एंजेलिस दोन्हीकडे ७ तास कमी, आता फरक फक्त त्या खुणेने कळणार, आणि खूण आली नाही की परत अंदाज. त्यात अ‍ॅरिझोनाच्या आतच नवाहो नेशनचा, म्हणजे मूलनिवासी नवाहो लोकांच्या प्रदेशाचा, भाग डीएसटी पाळतो, त्यामुळे तिथून गाडीने जाताना फोन पुढे-मागे होत राहतो यात नवल नाही.

तसंच सीमेवरच्या गावांचं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स डीएसटी पाळतं, क्वीन्सलंड नाही, आणि ट्वीड हेड्स आणि कूलनगट्टा ही दोन्ही गावं एकमेकांना चिकटलेली आहेत. फोनला पलीकडचा टॉवर लागला की एक तास गेला किंवा आला. इथे फोनचा काही दोष नाही, त्याला जो टॉवर मिळाला त्याचं त्याने ऐकलं.

उपाय, आधी साधा. एअरप्लेन मोड अर्धा मिनिट चालू करून बंद करा, कारण निट्झचा निरोप बहुतेक वेळा फोन नेटवर्कला नव्याने जोडला जातो तेव्हाच येतो, रात्रभर एकाच टॉवरला चिकटलेल्या फोनला तो मिळालेलाच नसतो. दुसरं, लोकेशनवरून झोन ठरवू द्या. अँड्रॉइड १२ आणि पुढे बहुतेक फोनवर डेट अँड टाइममध्येच लोकेशन वापरून टाइमझोन ठरवायचा पर्याय असतो, आयफोनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात लोकेशन सर्व्हिसेस, त्यात अगदी खाली सिस्टीम सर्व्हिसेस, त्यात सेटिंग टाइम झोन. हे बटण बॅटरी वाचवायच्या नादात लोकांनी बंद केलेलं असतं आणि मग सहा महिन्यांनी माझ्यासारख्याला विचारतात. लोकेशनवरून ठरवताना फोन तुमची जागा झोनच्या सीमांच्या नकाशावर बघतो, त्यामुळे फिनिक्स आणि डेन्व्हर त्याला वेगळे दिसतात. आणि तुम्ही अगदी सीमेवरच राहत असाल तर सरळ ऑटोमॅटिक झोन बंद करा, ऑटोमॅटिक टाइम चालूच ठेवा, आणि शहर हाताने निवडा, ब्रिस्बेन किंवा फिनिक्स जे असेल ते. आयफोनवर यासाठी ते एकच बटण बंद करावं लागतं, मग शहर निवडायचं आणि खालच्या वेळेला हात लावायचा नाही. काही महिन्यांनी थोडे सेकंद इकडेतिकडे झाले तर बटण क्षणभर चालू करून परत बंद करायचं.

हाताने झोन निवडताना अजून एक चूक फार होते. यादीत जीएमटी उणे ५ असं दिसलं की लोक पहिलं जे दिसेल ते निवडतात. न्यूयॉर्क हिवाळ्यात उणे ५ आहे, पण बोगोटा, लिमा आणि पनामाही उणे ५ आहेत आणि तिथे डीएसटी नाही. नोव्हेंबरमध्ये निवडलं तर सगळं छान, मार्चमध्ये एक तास मागे. लंडनवाल्यांचं तेच, जीएमटी नाव बघून निवडतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ जागचं हलत नाही, कारण जीएमटी हलतच नाही, लंडन हलतं. कायम शहराच्या नावाने निवडा, आकड्याने किंवा ईएसटी वगैरे आद्याक्षरांनी नाही.

आता तिसरा प्रकार, नियम जुने असणं. माझ्या मते सगळ्यात जास्त त्रास याचाच आहे, आणि यात तुमची चूक नसते, फोन बनवणाऱ्याचीही बऱ्याचदा नसते, सरकारांची असते.

जगभरच्या झोनचे नियम एका सामायिक डेटाबेसमध्ये ठेवलेले असतात, त्याला टीझेड डेटाबेस म्हणतात. १९८० च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी हे काम सुरू केलं, नंतर पॉल एगर्ट सांभाळायला लागले, २०११ पासून आयएएनए ही संस्था ते प्रसिद्ध करते. अँड्रॉइड, आयफोन, सर्व्हर, सगळे इथूनच घेतात. कुठल्याही देशाने नियम बदलला की यात नोंद होते, नवी आवृत्ती निघते, मग ती फोन कंपनीकडे जाते, तिथे तपासणी होते आणि मग तुमच्या फोनवर येते. या सगळ्याला वेळ लागतो, आठवडे, कधी महिने. आणि सरकारं मात्र कधी कधी दोन दिवस आधी जाहीर करतात. मागच्या वर्षीचं कॅलेंडर भिंतीवर टांगून ठेवलं आणि सुट्ट्या चुकल्या तर घड्याळाला दोष देऊन काय उपयोग, तसं आहे हे.

लेबनॉनचं २०२३ चं प्रकरण बघा. २५-२६ मार्चच्या मध्यरात्री डीएसटी सुरू व्हायचं होतं, आणि जेमतेम दोन-तीन दिवस आधी सरकारने जाहीर केलं की यंदा ते रमजाननंतर म्हणजे २०-२१ एप्रिलच्या मध्यरात्री सुरू होईल. तिथल्या ख्रिश्चनांच्या मॅरोनाइट चर्चने ते मानलं नाही, काही संस्था आणि चॅनेल जुन्या ठरल्या वेळेप्रमाणे पुढे गेले, म्हणजे एकाच देशात दोन वेळा चालू. बऱ्याच फोनना हा नवा निर्णय माहीत असायचं कारणच नव्हतं, ते आपले पूर्वीच्या नियमाने पुढे गेले. मग काही दिवसांतच सरकारने निर्णय फिरवला आणि २९-३० मार्चच्या मध्यरात्री डीएसटी लागू केलं. टीझेड डेटाबेसची २०२३बी आवृत्ती पुढे ढकलल्याची नोंद घेऊन आली आणि लगेच ती मागे घेणारी २०२३सी काढावी लागली. ज्या कोणाकडे मधली आवृत्ती तेवढी पोचली त्याची काय गंमत झाली असेल विचार करा.

तुर्कस्तानने २०१५ मध्ये १ नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी डीएसटी दोन आठवडे लांबवलं, फोन मात्र २५ ऑक्टोबरला एक तास मागे गेले. ब्राझीलने २०१८ मध्ये सुरुवात ऑक्टोबरवरून नोव्हेंबरवर नेली आणि २०१९ मध्ये डीएसटीच रद्द केलं, दोन्ही वर्षी फोन जुन्या नियमाने पुढे सरकले. मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२ मध्ये बहुतेक देशासाठी डीएसटी कायमचं बंद केलं, फक्त अमेरिकेच्या सीमेलगतच्या काही भागांत ठेवलं, आणि एप्रिल २०२३ च्या पहिल्या रविवारी बऱ्याच लोकांचे फोन एक तास पुढे जाऊन बसले. जॉर्डन आणि सीरिया २०२२ पासून वर्षभर यूटीसी अधिक ३ वर आहेत. इराणने त्याच वर्षी डीएसटी बंद केलं. इजिप्तने २०२३ मध्ये उलट परत सुरू केलं, एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारपर्यंत. पॅराग्वेने २०२४ मध्ये डीएसटीचीच वेळ वर्षभरासाठी कायम केली. मोरोक्को तर २०१८ पासून वर्षभर अधिक १ वर आणि रमजानपुरतं एक तास मागे, म्हणजे नियम चांद्र महिन्याला बांधलेला. तुम्ही यातल्या कुठल्या देशात असाल आणि फोन जुना असेल तर पुढे निदान करायची गरजच नाही, हेच असणार.

अपडेट कुठून करायचं. अँड्रॉइड १० पासून बहुतेक फोनवर झोनचे नियम पूर्ण सिस्टीम अपडेटशिवाय येऊ शकतात, गूगल प्ले सिस्टीम अपडेट म्हणून. सेटिंग्जच्या सर्च पट्टीत तेवढंच शोधा कारण प्रत्येक कंपनीने ते वेगळ्या कप्प्यात ठेवलंय. गंमत म्हणजे हे अपडेट डाउनलोड होऊन पडलेलं असतं आणि फोन रीस्टार्ट करेपर्यंत लागू होत नाही, आणि लोक फोन महिनोन्महिने बंदच करत नाहीत. त्यामुळे डीएसटीच्या आदल्या दिवशी फोन एकदा रीस्टार्ट करा हा सल्ला ऐकायला फालतू वाटला तरी त्यामागे हे कारण आहे. आयफोनवरही टाइमझोनची माहिती स्वतंत्र येते, जनरलमधल्या डेट अँड टाइममध्ये नवी माहिती उपलब्ध आहे अशी ओळ दिसली की रीस्टार्ट करायचं, झालं. अँड्रॉइड ९ किंवा त्याआधीच्या फोनला हा रस्ता जवळजवळ बंद आहे, कंपनीने पूर्ण अपडेट दिलं तरच, आणि ते आता कोणी देत नाही.

मग अशा जुन्या फोनचं काय करायचं, फेकून द्यायचा का, तर नाही. जोडीदार शहर शोधायचं, म्हणजे असं शहर की ज्याचा फरक तुमच्याइतकाच आहे आणि जिथे डीएसटी नाही, आणि हे तुमच्या फोनमधल्या जुन्या माहितीतही बरोबर असेल. मेक्सिको सिटीसाठी कोस्टा रिका, ग्वाटेमाला किंवा कॅनडातलं रेजिना, तिन्ही वर्षभर उणे ६. साओ पाउलोसाठी ब्यूनोस आयर्स, उणे ३, तिथे २००९ पासून डीएसटी नाही, पॅराग्वेसाठीही तेच चालतं. अम्मान आणि दमास्कससाठी रियाध. कैरोला जरा खटपट आहे, जुन्या फोनला कैरोचं डीएसटी परत आलंय हे माहीत नाही, म्हणून उन्हाळ्यात रियाध आणि हिवाळ्यात कैरो असं वर्षातून दोनदा बदलावं लागतं. तेहरानला मात्र जोडीदारच नाही, अधिक साडेतीन तास वापरणारं दुसरं कोणी जगात नाही, तिथे जुन्या फोनवर उन्हाळ्यात काही धड इलाज नाही, नियम बदलून टाकता येतील असा कस्टम रॉम (कंपनीच्या सिस्टीमऐवजी बाहेरची सिस्टीम) बसवायची तयारी असेल तरच.

जोडीदार शहर वापरताना ऑटोमॅटिक झोन बंद ठेवायचा हे ओघाने आलंच, नाहीतर फोन परत मूळ शहरावर जाईल. आणि एक किरकोळ तोटा आहे, जुन्या वर्षांच्या उन्हाळ्यातले मेसेज आणि कॉल एक तास मागचे-पुढचे दिसतील, कारण तेव्हा तुमच्याकडे डीएसटी होतं आणि जोडीदाराकडे नव्हतं. मूळ नोंद बिघडत नाही, फक्त दिसतं तसं. मी तरी हे हाताने तास सरकवण्यापेक्षा शंभर वेळा पत्करीन.

चौथा प्रकार, अ‍ॅप. इथे घड्याळ बरोबर आणि अलार्म किंवा मीटिंग चुकीची. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१० मध्ये आयफोनवर हेच झालेलं, घड्याळ नीट बदललं पण रिपीट होणारे अलार्म एक तास चुकायला लागले. अँड्रॉइडवर याचं नेहमीचं कारण असं की अ‍ॅप लिहिणाऱ्याने रोज सकाळी सहा म्हणजे दर २४ तासांनी असं धरलेलं असतं. डीएसटीच्या दिवशी दिवस २३ किंवा २५ तासांचा असतो, त्यामुळे २४ तास मोजणारा अलार्म त्या दिवसापासून एक तास चुकतो आणि तुम्ही तो बंद करून परत लावेपर्यंत चुकतच राहतो. औषधाची आठवण देणाऱ्या, पाणी प्या सांगणाऱ्या छोट्या अ‍ॅपमध्ये हे फार सापडतं. आणि सिस्टीम अशा अ‍ॅपला काही कळवतही नाही, कारण झोन बदललेला नसतो, मूळ वेळही बदललेली नसते, नियमाप्रमाणे फक्त फरक बदललेला असतो. उपाय म्हणजे अलार्म डिलीट करून नवा लावा, आणि तेच अ‍ॅप पुढच्या वेळी परत चुकलं तर अ‍ॅप बदला, फोनसोबत आलेलं क्लॉक अ‍ॅप या बाबतीत बहुतेक वेळा बरं असतं.

बदलाच्या रात्री त्या तासात अलार्मच लावू नका. अमेरिकेत मार्चमध्ये १:५९ नंतर थेट ३:०० वाजतात, म्हणजे अडीच वाजतच नाहीत, काही अ‍ॅप तो अलार्म साडेतीनला वाजवतात, काही गिळून टाकतात. नोव्हेंबरमध्ये दीड दोनदा वाजतो आणि अलार्म पहिल्या दीडला वाजणार की दुसऱ्या हे अ‍ॅपच्या मर्जीवर. युरोपियन युनियनमध्ये सगळीकडे यूटीसी १:०० ला एकदम बदल होतो, त्यामुळे पॅरिसला २ चे ३ होतात आणि अथेन्सला ३ चे ४. त्या रात्री लवकर विमान वगैरे असेल तर टायमर लावा, सात तासांचा टायमर म्हणजे सात तासच, त्याला डीएसटीशी देणंघेणं नाही.

कॅलेंडरमध्ये दोन गोष्टी बघा. एक, कॅलेंडर अ‍ॅपचं स्वतःचं टाइमझोन सेटिंग फोनपेक्षा वेगळं ठेवलंय का, कधीतरी प्रवासात लावलेलं तसंच राहतं. दुसरं, ती मीटिंग कोणी लावलीय. मीटिंग ती लावणाऱ्याच्या झोनला बांधलेली असते, त्यामुळे त्याच्याकडे डीएसटी आहे आणि तुमच्याकडे नाही तर वर्षातले काही महिने ती तुमच्या घड्याळात एक तास सरकणारच, ही चूक नाही. अमेरिका आणि युरोपमध्ये तर दोन्हीकडे डीएसटी असूनही तारखा वेगळ्या आहेत, २०२६ मध्ये अमेरिकेत ८ मार्चला आणि युरोपात २९ मार्चला, परत जाताना युरोप २५ ऑक्टोबर आणि अमेरिका १ नोव्हेंबर, त्या मधल्या काळात न्यूयॉर्क आणि लंडनमधलं अंतर पाचऐवजी चार तासांचं होतं. दर वर्षी या मधल्या आठवड्यांत फोन बिघडलाय म्हणून विचारणारे असतात आणि फोन एकदम ठणठणीत असतो.

खरी चूक वेगळी असते. देशाने नियम बदलायच्या आधी तुम्ही पुढच्या उन्हाळ्याची मीटिंग टाकली आणि सर्व्हरने ती जुन्या नियमाने यूटीसीत बदलून ठेवली, की नियम अपडेट झाल्यावर ती एक तास हललेली दिसते. ती हाताने उघडून परत योग्य वेळेला सेव्ह करावी लागते, दुसरा उपाय नाही. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी म्हणूनच पुढच्या तारखांसाठी नुसतं यूटीसी न ठेवता स्थानिक वेळ आणि शहराच्या नावाचा झोन असं दोन्ही ठेवावं, झालेल्या गोष्टींसाठी यूटीसी पुरतं.

स्मार्टवॉच चुकत असेल तर आधी फोन बघा, बहुतेक वॉच झोन फोनकडूनच घेतात, फोन सरळ झाल्यावर ब्लूटूथ एकदा तोडून जोडलं की ते पण जुळतं. आणि हे सगळं करूनही मोबाइल कंपनीच चुकीचा फरक पाठवत असेल, म्हणजे तिथल्या त्याच कंपनीच्या सगळ्या फोनवर तसंच होतंय आणि लोकेशनवरून ठरवलं की बरोबर येतंय, तर तक्रार करताना घड्याळ चुकतंय एवढंच लिहू नका, निट्झमध्ये डीएसटीचा फरक चुकीचा येतोय असं लिहा आणि टॉवरचा भाग कळवा, तरच ती तक्रार नेटवर्कच्या माणसापर्यंत पोचते, नाहीतर तुम्हाला फोन रीस्टार्ट करा म्हणून उत्तर येईल.